कांद्याचा मधला भाव

सुनीलने पाहिलेला व्हिडिओ फक्त अकरा मिनिटांचा होता. पुढे जे घडलं त्याला महिना-सव्वा महिना लागला, पण त्यात व्हिडिओवाल्याची काही चूक नाही.

सुनील पुणतांब्यातल्या एका हायस्कुलात क्लार्क आहे. बोनाफाइड, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे त्याचं पोटापाण्याचं काम. एखादी वस्तू आतून कशी चालते ते बघणं हे त्याचं खरं काम. आजवर त्याने घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सासऱ्यांचं बीपीचं मशीन आणि शेजारच्या चांगुणावहिनींची इस्त्री उघडून बघितली आहे. उघडलेलं बहुतेक सगळं त्याला समजतंही. फक्त परत बंद करताना दोन-तीन स्क्रू उरतात. त्याच्या बायकोने, अश्विनीने, त्या उरलेल्या स्क्रूंसाठी स्वयंपाकघरात एक बरणी ठेवली आहे आणि ती आता गळ्यापर्यंत भरत आली आहे.

तर तो व्हिडिओ ब्लॉकचेनचा होता. सुनीलला त्यातून समजलं ते असं : एक फळा आहे, पण तो एकाच्या घरात नाही, पुष्कळ कॉम्प्युटरांवर एकसारखा आहे. त्यावर एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. इथवर ठीक. पण पुढे व्हिडिओवाला म्हणाला की या फळ्याला, म्हणजे या साखळीला, बाहेरचं काहीच दिसत नाही. बाहेर ऊन पडलंय की आभाळ आलंय, कांदा आठशे आहे की अठराशे, तिला पत्ता नसतो. प्रत्येक कॉम्प्युटर आपलं आपलं बाहेर बघायला लागला तर प्रत्येकाला वेगळं दिसणार आणि फळ्यावर काय लिहायचं यावरून भांडणं होणार. म्हणून एक कामकरी साखळीबाहेर ठेवायचा. त्याने बाजारात जायचं, भाव आणायचा आणि आत द्यायचा. त्याला म्हणतात ऑफ-चेन वर्कर, आणि भाव सांगणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेला प्राइस ओरॅकल.

सुनीलचा चहा गार झाला. त्याला आता चैन पडणं शक्य नव्हतं.

"म्हंजी नंदीबैलवाला," सगळं ऐकून अश्विनी म्हणाली.

"अगं, नंदीबैल मालक सांगेल तशी मान हलवतो. हा खरा भाव आणून देणार."

"कुनाला?"

"साखळीला."

"मला न्हाई का?"

"तुला पण. मोबाईलवर दिसेल."

"मग त्यापरीस फोन करून इचारा की," अश्विनी म्हणाली आणि दळणाचा डबा काखेला मारून बाहेर पडली.

तो डबा बघितला की सुनीलला वर्तमानपत्रात तोंड घालावं लागे. त्याला कारण होतं. घरामागच्या दहा गुंठ्यांत अश्विनी दरवर्षी उन्हाळ कांदा लावते. रोपापासून काढणीपर्यंत सगळं तिचं, सुनीलचा वाटा फक्त सल्ल्याचा. गेल्या वर्षी त्याने सल्ला दिला होता, "भाव पडणार, सोमवारीच काढून टाक." सोमवारी कांदा क्विंटलला नऊशेने गेला आणि गुरुवारी भाव सोळाशे झाला. अश्विनी एक शब्द बोलली नाही. (बोलली असती तर बरं झालं असतं.) त्या कांद्यावर तिला घरघंटी घ्यायची होती. गावातली गिरणी पार दुसऱ्या टोकाला, वीज गेली की दोन-दोन तास डबा राखत बसायचं. ते सगळं तसंच राहिलं. सुनीलला मनापासून वाईट वाटायचं, आणि या वर्षी तरी आपल्या हातून तिची घरघंटी यावी, असं त्याला फार वाटत होतं. कांदा साठवायच्या चाळीत या खेपेला वीस क्विंटल माल भरला होता.

"बावीसशे झाला की विकायचा," त्याने जाहीर केलं.

"आनि न्हाई झाला तर?"

"यंत्र सांगेल."

अश्विनीने त्याच्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं आणि ती भाकरी थापायला बसली.

कामाला सुरुवात झाली. एक लॅपटॉप घरचा, एक कॉम्प्युटर शाळेने भंगारात काढलेला (सुनीलने तो रीतसर पावती फाडून घेतला, नाहीतर लोक काहीही बोलतात) आणि एक जुना मोबाईल, अशा तिघांची मिळून छोटीशी साखळी तयार झाली. पहिला वर्कर त्याने सरळ इंटरनेटवर पाठवला. तो रोज सकाळी सहाला एका भाव सांगणाऱ्या साइटवर जायचा आणि मोठ्या निष्ठेने गेल्या गुरुवारचा भाव घेऊन यायचा. एकदा तर टोमॅटोचा घेऊन आला.

"यंत्राला काय कळतंय," सुनील स्वतःशी म्हणाला. "इथे माणसंच लागणार."

त्याने तीन माणसं नेमली. पहिले त्याचे सासरे, आसाराम. दोन कोसांवरच्या वाडीत राहायचे आणि स्वतःचा माल असो-नसो, दिवसाआड तालुक्याच्या मार्केटात लिलाव ऐकायला जायचे. दुसरा सहादेव, अश्विनीचा चुलतभाऊ. त्याची पिकअप होती आणि तो गावचा कांदा मार्केटात पोचवायचा. तिसऱ्या साळूबाई मावशी, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या, मार्केटातून गोणी उचलून वाटे लावून विकणाऱ्या. रोज सहाला तिघांच्या मोबाईलवर एकच शब्द जायचा : "भाव?" तिघांनी आकडा पाठवायचा. सुनीलच्या प्रोग्रॅमने तिघांतला मधला उचलायचा आणि फळ्यावर लिहायचा.

मधलाच का, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे माल विकून आलेला गडी पारावर सांगतो तो त्याच्या सगळ्यात देखण्या गोणीचा भाव. गोल्टीचं, म्हणजे बारक्या कांद्याचं, नाव काढत नाही. आसाराम त्याच जातकुळीतले, ते दोन हजार पन्नास सांगायचे. साळूबाई विकत घेणाऱ्या, त्यांच्या मते कांदा कायम फुकट मिळायला हवा, त्या सोळाशे सांगायच्या. सहादेवाला ना विकायचा ना घ्यायचा, तो सतराशे साठ सांगायचा. मधला आला सतराशे साठ, आणि खरा भावही तोच होता. पहिले आठ-दहा दिवस सुनीलचं यंत्र अगदी बरोबर चाललं, हे त्याच्या बाजूने सांगून ठेवलं पाहिजे. पुढे सांगायला मिळणार नाही.

मग एका सकाळी आसारामांनी एक शून्य जास्त दाबलं. त्याच दिवशी सहादेवाने गाडी चालवता चालवता नुसतं "१७" पाठवलं. सुनीलने पुन्हा व्हिडिओ लावला. व्हिडिओवाला म्हणत होता, वर्करला शिस्त हवी. जो मधल्या भावापासून लांब जाईल त्याला दंड, जो जवळ राहील त्याला बक्षीस.

बक्षीस काय ठेवावं हा प्रश्नच नव्हता. अश्विनीच्या हातच्या मासवडीसाठी (नावातच मास, आत फक्त बेसन, तीळ आणि खोबरं) सासरे दोन कोस सायकल मारत येतात. सुनीलने नियम लिहिला : जो तीन आठवडे रोज भाव सांगेल आणि मधल्या भावापासून पन्नास रुपयांच्या आत राहील, त्याला शेवटच्या रविवारी मासवडीचं ताट. बाकी कुणालाही नाही. बटण दाबलं. नियम साखळीवर चढला.

"आता हा ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही," तो अश्विनीला म्हणाला.

"मासवडी कोन करनार हाय?"

"तू."

"मग मला इचारायचं न्हाई व्हय?" ती म्हणाली. पण हसली, आणि त्यामुळे सुनीलला वाटलं की विचारल्यासारखंच झालं.

आणि काय चमत्कार सांगावा! दुसऱ्या दिवसापासून तिघांचे आकडे जुळायला लागले. सतराशे ऐंशी, सतराशे ऐंशी, सतराशे ऐंशी. मग अठराशे. मग अठराशे वीस. आडवा-तिडवा उड्या मारणारा ग्राफ एकदम सुतासारखा सरळ झाला आणि रोज वीस रुपयांनी वर चढू लागला. सुनील तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचा. शाळेत मास्तरांना मोबाईल काढून दाखवायचा. त्याला राहून राहून कुतूहल वाटायचं, की एवढ्या मोठ्या बाजाराच्या पोटात इतकी शिस्त दडलेली होती आणि आजवर ती कुणालाच कशी दिसली नाही?

त्याच सुमारास त्याच्या कामाची जागाही सुधारली. घरात एक नवं टेबल आलं होतं. कमरेइतकं उंच, कपाटासारखं बंद, खाली चाकं, वर अश्विनीने घातलेलं क्रोशाचं झाकण. लॅपटॉप ठेवायला अगदी बेताचं. कुठून आलं हे विचारायचं त्याच्या मनात होतं, पण तेवढ्यात अठराशे चाळीस झाला आणि ते राहून गेलं. फक्त तो शाळेतून आला की कीबोर्डवर पांढरी धूळ दिसायची. (रस्त्याच्या कामाबद्दल त्याने ग्रामपंचायतीला एक अर्जही टाइप केला.) जेवणही हल्ली गोड लागत होतं. "ज्वारी चांगली आहे हं या वर्षीची," तो दोनदा म्हणाला.

"व्हय," अश्विनी म्हणाली. "ज्वारीच चांगली हाय."

शंका तिलाच आली, त्याला नाही.

"काल रविवार हुता. मार्केट बंद. तरी वीस रुपयं वाढला?"

"त्याला मोमेंटम म्हणतात."

"आनि पंधरा ऑगस्टला?"

"तेही मोमेंटमच."

"बरं," अश्विनी म्हणाली. बायको "बरं" म्हणाली की थांबून विचार करावा, एवढा संसाराचा अनुभव सुनीलला होता. पण ग्राफ समोर होता.

बरोबर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, श्रावणातल्या एका रविवारी सकाळी, फळ्यावर आकडा उमटला : दोन हजार दोनशे.

सुनील उडालाच. दुपारी तिघं वर्कर जेवायला येईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला. आसाराम भिंतीला टेकून गुडघा चोळत बसले होते, साळूबाई तीळ निवडत होत्या, सहादेवाची पिकअप दारात उभी होती. आतून रश्शाचा वास सुटला होता.

"बावीसशे!" सुनील म्हणाला. वर्षभराचं ओझं उतरत होतं. "सहादेव, गाडी मागे लाव. आत्ता भरू, उद्याच्या लिलावाला पहिला नंबर आपला. मामा, तुमच्या लेकीची घरघंटी आली म्हणून समजा!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"दाजी," सहादेव म्हणाला, "आधी जेवून घेऊ की."

"जेवण कुठे पळतंय?"

"कांदा बी कुठं पळतोय?"

सुनीलला थांबवत नव्हतं. त्याने कोपऱ्यातल्या रिकाम्या गोण्या खांद्यावर टाकल्या आणि तो घरामागच्या चाळीकडे धावला. चाळीची ताटी सरकवली. आत एक मांजर झोपलं होतं, बाजूला पाच-सहा कांदे आणि कांद्याचं टरफल. वीस क्विंटलचा ढीग जिथे असायला हवा होता तिथे स्वच्छ झाडलेली जमीन होती.

"चोरी!" तो ओरडला. "अगं, कांदा गेला! सहादेव, पोलिसांना फोन लाव!"

अश्विनी हात पदराला पुसत मागच्या दारात आली.

"कुनी चोरला न्हाई. मी इकला."

"कधी?"

"श्रावण लागायच्या आधी. सतराशे साठनं. चांगुणावहिनींच्या भावाचा टेम्पो आल्ता. तुमी शाळेत हुता."

"सतराशे साठ!" सुनील मटकन ओट्यावर बसला. "अगं, आज बावीसशे आहे."

"आज चौदाशे हाय."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हनतंय. श्रावणात लोक कांदा खायाचं कमी करतेत, भाव पडनार न्हाई तर काय हुईल?"

सुनीलने सावकाश तिन्ही वर्करांकडे मान वळवली. तिघंही आता मागच्या दारात आले होते, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर मासवडीची काळजी स्पष्ट दिसत होती.

"मामा, आज सकाळी तुम्ही भाव काय पाठवलात?"

"बावीसशे."

"मार्केटात विचारून?"

"जावयबापू, माझा गुडघा धरलाय. तीन आठवडं मार्केटात पाऊल ठेवलं न्हाई. मी सहादेवाला फोन करतो. तो जातोय ना रोज."

"मी कुठं जातोय?" सहादेव म्हणाला. "मी दुधाच्या लायनीवर हाय तीन आठवडं. मार्केटकडं फिरकलो बी न्हाई."

"मग साळूमावशी?"

"श्रावणात मी कांदा घेतच न्हाई बाबा. देवळापुढं बेल-फुलं इकते. मी आसारामभाऊला इचारून टाकते. मला वाटलं, त्ये मार्केटात बसल्यात."

सुनील पुन्हा सहादेवाकडे वळला. "म्हणजे मामांना तू सांगायचास, मावशींना मामा. तू भाव कुठून आणायचास?"

"तुमच्याच फळ्यावरनं," सहादेव सरळ म्हणाला. "मोबाईलमधी कालचा भाव दिसतो ना, त्यो बघायचो आनि वर वीस घालायचो."

"वीस का?"

"दाजी, बहिनीचा कांदा. त्याचा भाव आपल्या हातानं कमी लिवायचा? बरं दिसतंय का ते?"

सुनीलच्या डोळ्यांसमोर आता सगळं चक्र फिरलं. साखळी तिघांना विचारत होती, आणि तिघं साखळीला विचारत होते. मध्ये बाजार कुठेच नव्हता. त्याला राग यायला हवा होता, पण त्याच्या स्वभावाला काय करणार, त्याला आधी नवल वाटलं. इतकं साधं आणि इतकं बिनचूक चुकणारं यंत्र त्याने आयुष्यात दुसरं उघडून पाहिलं नव्हतं.

"अरे, पण तुम्हाला कुणाला शंका आली नाही?"

"आली की," आसाराम म्हणाले. "येता-जाता लोक पंधराशे, चौदाशे म्हनायचे. पन म्हटलं, आपल्यापरीस यंत्राला पुढचं दिसत असंल. आनि पन्नासाच्या भायेर गेलो तर मासवडी जायाची."

"मग तुला खरा भाव कुणी सांगितला?" सुनीलने अश्विनीला विचारलं. हा प्रश्न त्याने भांडायला विचारला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"चांगुणावहिनींनी. आनि बचत गटातल्या सहा-सात जनींनी. भाव इचारायचा तर इकून आलेल्या गड्याला इचारू नये, त्याच्या बायकोला इचारावा. गडी पारावर काय बी सांगतो. घरी आल्यावर खिसा तिच्याच म्होरं रिकामा करतो ना?"

सुनीलने मनातल्या मनात मोजलं : तिच्याकडे सात-आठ वर्कर, आणि एकीलाही मासवडी द्यावी लागली नाही. मग त्याला एकदम मुद्द्याचं आठवलं.

"पण मग घरघंटी? पैसे आले तर घेऊन टाकायची ना. जाऊ का उद्याच राहात्याला?"

साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. सहादेव आभाळाकडे बघू लागला. आसारामांना खोकला आला.

"सुनीलराव," शेवटी साळूबाई म्हणाल्या, "माझं दोन पायली दळण झालं की हितं."

"माझं बी," आसाराम म्हणाले. "बाजरी लई बारीक निघती."

"कुठे? कशावर?"

अश्विनी आत गेली. सुनील मागोमाग गेला, त्याच्यामागे तिघं वर्कर. अश्विनीने टेबलावरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, नीट मिटला आणि नवऱ्याच्या हातात दिला. क्रोशाचं झाकण काढलं. वरची फळी उघडली. आत डाळ ओतायचं पांढरंशुभ्र भांडं होतं. तिने डाळ ओतली आणि बटण दाबलं, आणि गेले तीन आठवडे सुनील ज्याच्यावर कोपरं टेकून भाव बघत होता ते टेबल घरघर करत बेसन दळू लागलं.

"तुमच्याच पायगुणानं आली," अश्विनी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ होता. "तुमी बावीसशे, बावीसशे करायला लागलात, तवाच मी ठरवलं, आता थांबायचं न्हाई."

सुनीलला बरं वाटावं की वाईट, हे कळेना. घरघंटी आली होती, हे तर खरं होतं. तो तिघांच्या पंगतीत, भिंतीशी जागा करून बसला.

अश्विनीने तीन ताटं वाढली. मासवडी, रस्सा, भाकरी, लिंबाची फोड. सुनीलच्या पुढ्यात पिठलं आलं.

"हे काय?"

"तिघं बी तीन आठवडं पन्नासाच्या आत हायेत. एक रुपयाचा फरक न्हाई. तुमी भाव कुठं सांगितला?"

"अगं, पण मी नियम लिहिणारा..."

"बाकी कुनालाही न्हाई, असं लिवलंय त्यात. मी वाचलंय. आनि ते खोडता येत न्हाई म्हनं."

आसारामांनी जावयाकडे मोठ्या सहानुभूतीने बघितलं आणि दुसरी मासवडी उचलली. सुनीलने पिठल्यात भाकरी मोडली. भाकरी मात्र मऊसूत होती. खाता खाता त्याची नजर घरघंटीकडे गेली आणि तिथेच थांबली. एवढ्याशा कपाटात मोटर, जातं, चाळणी, सगळं कसं बसवलं असेल? पीठ खाली नेमकं कुठून पडतं? गरम झाली तर ती आपोआप बंद पडते का?

"अश्विनी," त्याने हळूच विचारलं, "मागे चारच स्क्रू दिसतायत. जरा उघडून..."

अश्विनीने फळीवरची बरणी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"जागा न्हाई," ती म्हणाली.